दशावतार मंडळासाठी ग्रँट: वीस टक्केवाल्याला हो म्हणायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळकडचं दशावतार मंडळ, आजोबांनी सुरू केलेलं, सोळा माणसं, पेटारा (मुकुट, कपडे असं सगळं सामान) काकांचा. १९९८ मध्ये आजोबांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून संस्था रजिस्टर केली आणि नंतर ती फाईल कोणी उघडलीच नाही. आता एक गृहस्थ म्हणतायत की दिल्लीची पाच लाखांची ग्रँट काढून देतो, वीस टक्के माझे. तर द्यायचे का, उदयपूरच्या सांस्कृतिक केंद्राचं नक्की काय असतं, आणि पैसे हातात कधी पडतात.

मी बावीस वर्षं हेच करतोय. तोंडाला रंग कधी लावला नाही, पेटीवाल्याच्या मागे बसून हिशोब लिहिणारा माणूस मी, दशावतार आणि भजनी मंडळं मिळून बऱ्याच जणांचे फॉर्म भरलेत, त्यातले बरेच परत पण आलेत. त्यामुळे सांगतो ते ऐकीव नाही.

वीस टक्के देऊ नका. आता का ते बघा, कारण नुसतं नको म्हटलं तर तुमच्या काकांना पटणार नाही, त्यांना वाटेल घरबसल्या चार लाख येतायत तर एक गेला तर गेला.

पाच लाख हा आकडा केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या स्कीममधला आहे, कला संस्कृती विकास योजना म्हणून मोठी छत्री आहे आणि तिच्याखाली महोत्सव, कार्यक्रम, नवीन निर्मिती यासाठी मदत मिळते, त्यात साधारण कमाल मर्यादा पाच लाख. कमाल. लोक तो आकडा असा सांगतात की जणू अर्ज केला की पाच येणार. आणि खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच ते देतात, बाकीचे तुमचे. समजा तुम्ही चार लाखांचा तीन दिवसांचा महोत्सव घातला, तर जास्तीत जास्त तीन मंजूर होणार. त्या तीनातले पण ७५ टक्के आधी, म्हणजे सव्वादोन लाख, आणि उरलेले पंचाहत्तर हजार सगळं पार पडून हिशोब पास झाल्यावर. म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी चार लाखांचा खर्च आहे आणि हातात सव्वादोन आहेत (तेही वेळेत आले तर). पावणेदोन लाख तुम्ही कुठून तरी उभे करायचे, त्यातला एक लाख तर परत यायचाच नाही कारण तो तुमचा वाटा. आणि ह्या गृहस्थांना तीन लाखाचे वीस टक्के म्हणजे साठ हजार द्यायचे, ते बहुतेक पहिल्या हप्त्यातच मागतील. काकांना कागदावर हे गणित मांडून दाखवा, दुसरं काही बोलायची गरज पडणार नाही.

आणि ते साठ हजार हिशोबात दाखवणार कुठे? कमिशन म्हणून हेडच नाही. मग मंडपाचं बिल वाढवा, जनरेटरचं खोटं बिल आणा, हे सुरू होतं. त्या बिलावर सही तुमच्या अध्यक्षाची आणि खजिनदाराची, त्या माणसाचं नाव अख्ख्या फाईलीत कुठेही नसतं. उद्या तपासणी आली तर तो फोन उचलणार नाही. त्यापेक्षा चांगला सीए बघा, ट्रस्टची कामं करणारा. त्याची फी द्या, ती उघड दाखवता येते.

आता उदयपूर. पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र म्हणजे केंद्र सरकारनं १९८५-८६ च्या सुमारास देशभर जी सात क्षेत्रीय केंद्रं काढली त्यातलं एक, बागोर की हवेलीत त्यांचं ऑफिस. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान हे त्यांच्याकडे येतात. महाराष्ट्राचं नशीब असं की आपण दोन केंद्रांत आहोत, उदयपूर आणि नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र, त्यामुळे दोन्हीकडे आपल्या मंडळाची माहिती देऊन ठेवता येते, आणि ठेवाच. ही केंद्रं मुख्यतः तुम्हाला कार्यक्रमाला बोलावतात. जायचा यायचा खर्च, राहायची सोय, माणशी मानधन. ही ग्रँट नाही, झालेल्या कामाचे पैसे आहेत, आणि सरकारी कामाला नवीन असलेल्या मंडळानं सुरुवात इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. कारण यात तुमच्या खिशातून फार जात नाही, आणि सरकारी केंद्राचं एक निमंत्रण पत्र फाईलला लागलं की पुढच्या प्रत्येक अर्जाला ते उपयोगी पडतं.

पण एक अडचण आहे जी कोणी सांगत नाही. उदयपूरचा शिल्पग्राम उत्सव असतो डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत. आणि आपल्या जत्रा? तुळशीचं लग्न झालं की पुढे गावागावात रोज रात्र, डिसेंबर म्हणजे ऐन भर. तिकडे दहा दिवस आणि वर प्रवासाचे तीन-चार दिवस गेले की इकडे दहा-बारा नाईट, म्हणजे रात्रीचे प्रयोग, बुडाल्या. नुसते पैसे बुडत नाहीत, वर्षानुवर्षं ज्या देवळात आपलंच नाटक होतं तिथे यंदा दुसरी कंपनी (म्हणजे दुसरं मंडळ) उभी राहिली की पुढच्या वर्षी गावकार, म्हणजे गावचे मानकरी, तिलाच बोलावतील, त्यांचं काही चुकतही नाही. एका कंपनीच्या मालकांनी मला सरळ सांगितलेलं, "पैसे येतले तेवा येतले, नाईट चुकवूक नको." तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं. आता नाही वाटत. पत्रात आधीच लिहा की आम्ही जून ते ऑक्टोबर मोकळे असतो, त्या काळातले कार्यक्रम द्या. असे कार्यक्रमही असतात, आणि मागणाऱ्यालाच ते मिळतात.

ह्याच केंद्रांची गुरु-शिष्य परंपरेची एक छोटी स्कीम आहे, मला स्वतःला सगळ्यात आवडणारी. गुरुला महिना ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५०, शिष्याला १,५००, सहा महिने ते वर्षभर. रक्कम ऐकून पोरं हसतात. पण विचार करा, आपल्याकडे राजपार्ट, स्त्रीपार्ट करणारी पोरं अजून मिळतात, मृदंगवाला मिळत नाही. एका मृदंगवाल्याला तीन-तीन कंपन्या ओढतायत अशी परिस्थिती आहे. तर तुमच्याकडे जुने मृदंगवाले कोणी असतील त्यांना गुरु म्हणून दाखवा आणि गावातली चार पोरं बसवा. ह्यात महोत्सव भरवायचा नाही, मंडप नाही, उसनवारी नाही, आणि पाच वर्षांनी मंडळाला वादक मिळतो.

मोठी स्कीम आहे ती मंत्रालयाची रेपर्टरी ग्रँट. नाटकासाठी एक गुरु आणि जास्तीत जास्त अठरा शिष्य, गुरुला महिना १५,००० आणि शिष्याला वयाप्रमाणे २,००० ते १०,०००. हे ऐकल्यावर सगळ्यांचे डोळे चमकतात कारण सोळा माणसांचं वर्ष निघतं. पण ही वर्षभर नियमित शिकवणी आणि प्रयोग करणाऱ्या ग्रुपसाठी आहे, शहरातल्या नाटकाच्या ग्रुपला डोळ्यासमोर ठेवून केलेली, आणि आपल्या कंपन्यांची रीत त्यात बसवायला त्रास होतो. आपल्याकडे नट सीझनगणिक कंपनी बदलतो. यंदा तुमच्याकडे, पुढल्या वर्षी दुसऱ्याकडे. तुम्ही यादीत त्याचं नाव टाकलं, आधार-बँक डिटेल दिले, आणि दुसऱ्या मंडळानं पण त्याचंच नाव टाकलं, की दोन्ही अर्ज अडकले. मी हे स्वतः भोगलंय. नटाची काही चूक नव्हती, त्याला दोघांनी कागदावर सही मागितली, त्यानं दोघांना दिली.

आणि फॉर्मच्या त्या दोन रकान्यांबद्दल बोलायलाच हवं. "संहिता जोडा" आणि "दिग्दर्शकाचं नाव". पहिल्यांदा फॉर्म भरला तेव्हा मी मालकांना विचारलं, संहिता कुठाय? ते हसायला लागले. संध्याकाळी आख्यान ठरणार, रंग लावता लावता कोण काय करणार ते वाटून घेणार, आणि संवाद थेट मांडावर (नाटकाच्या जागेवर) उभं राहून सुचणार, त्याची संहिता कुठून आणायची. तेव्हा मी मूर्खपणा केला, एका मास्तरांकडून चाळीस पानी नाटक लिहून घेतलं आणि जोडलं. तपासायला आलेले तज्ज्ञ हातात ती पानं घेऊन बसले आणि नटांनी त्यातलं एक वाक्य म्हटलं नाही! शेरा आला, सादर केलेल्या संहितेनुसार प्रयोग झाला नाही. दोष कोणाला द्यायचा.

आता मी काय करतो सांगतो. संहितेच्या जागी दोन-तीन पानांचं टिपण लावतो. त्यात पहिलंच वाक्य, ही मौखिक परंपरा आहे, लिखित संहिता नसते, संवाद उत्स्फूर्त असतात. मग आडदशावतार (आख्यानाआधीचा पूर्वरंग) म्हणजे काय, त्यात गणपती, सरस्वती, संकासुर कसे येतात, मग त्या आख्यानाचं कथानक प्रवेशांप्रमाणे, पात्रांची नावं, कुठलं पद कुठे. दिग्दर्शकाच्या रकान्यात मालकाचं किंवा सगळ्यात जाणत्या नटाचं नाव आणि पुढे "परंपरेनुसार संयोजक". सोबत अर्ध्या तासाचा सलग व्हिडिओ, कट न करता, त्याच वर्षीच्या जत्रेतला. मोबाईलवर काढलेला चालतो फक्त आडवा धरून काढा आणि पेट्रोमॅक्सच्या आठवणीत रमू नका, उजेड हवा, चेहरे दिसले पाहिजेत. हे टिपण जोडायला लागल्यापासून संहितेवरून माझा एकही अर्ज परत आलेला नाही.

पैसे कधी येतात हा तुमचा शेवटचा प्रश्न, त्याचं खरं उत्तर असं की पहिला हप्ता तुमच्या अंदाजापेक्षा उशिरा येतो आणि दुसरा हप्ता तुम्ही त्याची आशा सोडल्यावर. माझ्या एका फाईलचा दुसरा हप्ता चौदा महिन्यांनी आला. त्यात तिकडच्या ऑफिसला शिव्या घालून मी मोकळा झालो होतो, नंतर फाईल बघितली तर निम्मी चूक आमची. टेम्पोच्या भाड्याची पावती होती, त्यावर गाडीचा नंबर नाही. सोळा जणांच्या मानधनाच्या मस्टरवर सोळा सह्या, पण अकरा सह्या एकाच हातच्या, कारण मॅनेजरनं रात्री बसून केलेल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नाव. रजिस्ट्रेशनवर "दशावतारी नाट्य मंडळ", पॅन कार्डवर "दशावतार नाट्यमंडळ", बँकेत मधेच देवाचं नाव कमी. एका वेलांटीसाठी पेमेंट परत गेलं. हसू नका, तुमची तिन्ही कागदपत्रं आजच शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा, इंग्रजी स्पेलिंग पण, कारण सरकारी पेमेंट पीएफएमएस नावाच्या केंद्राच्या ऑनलाइन यंत्रणेतून येतं आणि त्या सिस्टीमला तुमचं मंडळ किती जुनं आहे याचं काही घेणं नाही.

खर्च झाला की उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, जीएफआर १२-ए नावाचा नमुना, सीएच्या सहीनं. त्यात एक बारीक गोष्ट बहुतेकांची राहते. ग्रँटची रक्कम सेव्हिंग खात्यात पडून राहिली आणि व्याज आलं तर ते व्याज तुमचं नाही, सरकारला परत करायचं असतं. दोनशे रुपये का असेना. ते दाखवलं नाही म्हणून क्वेरी येते. म्हणून ग्रँटसाठी वेगळं खातं ठेवा, त्यात जत्रेचे पैसे मिसळू नका.

हिशोबाचं म्हणाल तर तुमच्याकडे सामान आहेच, फक्त ते दाखवण्यासारखं नाही. मी बघितलेल्या प्रत्येक मंडळात पेटाऱ्याच्या तळाशी, गणपतीच्या मुकुटाखाली नाहीतर जरीच्या शालूत गुंडाळलेली एक वही असते. पेटारा उघडला की आधी अगरबत्ती, नारळ, मग कपडे निघतात, आणि शेवटी ती वही, कडांना पिवळा रंग लागलेली. आत तारीख नसते, "एकादशी, अमुक वाडी, नाईट, बाकी ५००, चाय" असं काहीतरी. तीच वही नीट ठेवायची आहे. तारीख, गाव, देवस्थानाचं नाव, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, कोण कोण होतं. आणि प्रत्येक नाईटला देवस्थानाकडून चार ओळींचं पत्र, अमुक तारखेला प्रयोग झाला, सही शिक्का. गावकार देतात, मागायची लाज आपल्यालाच वाटते. एका सीझनची अशी पत्रं म्हणजे तुमच्या मंडळाचा तो पुरावा जो एजंट जन्मात तयार करू शकणार नाही. आणि राज्याच्या स्कीमला हेच लागतं.

राज्याचं मुद्दाम मागे ठेवलं कारण लोक दिल्लीकडे बघतात आणि हे विसरतात. सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी अशा पथकांसाठी अनुदान आहे, एक भांडवली म्हणजे सामानसुमानासाठी, आणि एक प्रयोगांसाठी. जाहिरात निघते, मुदत कमी असते, पेपरात कोपऱ्यात येते. संचालनालयाची वेबसाईट बघत राहा. इथे निदान दशावतार म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, फॉर्म मराठीत असतो, आणि तुमच्यासारख्या मंडळानं ग्रँटचा पहिला अर्ज इथेच करावा. घरात म्हातारे कलाकार असतील तर त्यांचं मानधन वेगळं बघा, राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना, २०२४ पासून सरसकट महिना ५,००० झालंय, आधी वर्ग होते आणि सगळ्यात खालच्या क वर्गाला २,२५० मिळायचे. तिथे पण तीच जुनी पत्रं, जुने फोटो, हँडबिलं लागतात. ज्याच्याकडे नाहीत तो पन्नास वर्षं नाचला तरी कागदावर कलाकार नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि फार वाईट वाटतं.

खाजगीत दोन गोष्टी. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आहे, तिथे प्रस्ताव मराठीत लिहिला तरी चालतो, पण त्यांना महोत्सव नको असतो, प्रश्न हवा असतो, म्हणजे तुम्ही काय शोधताय. तुमच्यातल्या एखाद्या शिकलेल्या पोरानं जुन्या नटांकडून पदं रेकॉर्ड करून घ्यायचं काम मांडलं तर तिथे बसेल. सीएसआर म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात ते पैसे, त्यात पारंपरिक कला कायद्यानेच येते, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, पण कंपनीला सीएसआर-१ नंबर असलेली संस्था लागते, तो मिळायला १२ए, ८०जी या आयकराच्या नोंदण्या लागतात, म्हणजे तुमच्यासाठी ते दोन-तीन वर्षं लांब आहे. सध्या सोडा.

तुमचा खरा गुंता वेगळाच आहे आणि प्रश्नात तुम्ही तो सहज एका वाक्यात टाकलाय. पेटारा काकांचा आणि संस्था रजिस्टर. आपल्याकडे संस्था रजिस्टर झाली की सोसायटी आणि सार्वजनिक ट्रस्ट दोन्ही होते, १८६० चा कायदा आणि १९५० चा कायदा. ट्रस्ट कोणाच्या मालकीचा नसतो. ग्रँटमधून मुकुट, शालू, साउंड घेतलं तर ते ट्रस्टचं, काकांचं नाही, त्याची यादी ठेवावी लागते, आणि उद्या काकांनी कंपनी दुसऱ्याला चालवायला दिली तर ते सामान त्यात जाऊ शकत नाही. दोन चांगल्या मंडळांत मी यावरून भाऊबंदकी झालेली बघितलीय, ग्रँट दीड लाखांची आणि कोर्टाचे हेलपाटे सहा वर्षं. म्हणून अर्जाच्या आधी घरात बसून ठरवा. जुना पेटारा काकांचा, तो तसाच राहू दे, त्याची यादी करून काकांची सही घ्या. नवीन घेतलेलं सगळं संस्थेचं, त्याची वेगळी यादी, वेगळी ट्रंक. काकांना हे मान्य नसेल तर ग्रँटच्या नादाला लागू नका, मी मनापासून सांगतो, जत्रा चालू आहेत, मंडळ जगतंय. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) वडशाकडे बघा, दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं लागतात, तिकिटावर चालतात, रात्र रात्र मंडप भरलेले असतात. तिथला कुठला कंपनीवाला ग्रँट आली नाही म्हणून सीझन थांबवत नाही.

ठरलंच करायचं तर क्रम असा लागेल की आधी धर्मादाय कार्यालयात जाऊन १९९८ च्या नोंदणीचा उतारा काढा, त्यावर विश्वस्त कोण आहेत ते बघा. त्यातले किती हयात आहेत? माझ्या अनुभवात अशा फाईलीत निम्मे गेलेले असतात. प्रत्येक बदलाचा बदल अर्ज करायला लागतो, मुदत नव्वद दिवसांची, तुमची तर वर्षं उलटलीत, म्हणजे विलंब माफीचा अर्ज पण सोबत. राहिलेल्या वर्षांचे हिशोब ऑडिट करून भरावे लागतील, व्यवहार शून्य असेल तरी भरावे लागतील. दर्पण म्हणजे संस्थांच्या नोंदणीचं केंद्र सरकारचं पोर्टल, त्यावर संस्था चढवायला निदान तीन पदाधिकाऱ्यांचे पॅन लागतात, आणि रेकॉर्डवर अध्यक्ष म्हणून अजून आजोबांचंच नाव असेल तर ते काम पहिल्या पानावरच अडेल. ह्या सगळ्याला आठ महिने ते वर्ष धरा. जूनमध्ये पेटारा बंद झाला की लगेच लागा, तुळशीच्या लग्नापर्यंत निम्मं होईल. तोवर यंदाच्या उरलेल्या नाईटची पत्रं गोळा करायला आजच सुरुवात करा, एक शिक्का राहिला तर परत त्या गावी पुढच्या जत्रेलाच जाणं होणार आहे.